उजवं पायताण कुणाचं?

“गुडघा माझा दुखतोय, आन् तुमी पायताण काय हुंगताय, तात्या?”

गेनूतात्यांनी उजवी चप्पल नाकापाशी नेली, मग डोळ्यापाशी. मग उलटी करून तिचा तळ उन्हाला दाखवला... जणू ऊनच काय ते सांगणार होतं.

भैरोबाच्या डोंगराला तीनशे चौदा पायऱ्या. पहिल्या पायरीशी चिंच आणि चिंचेखाली गेनू सातपुते. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारलं की दर वेळी नवं सांगायचे. जन्मभर चपला शिवल्या, आता हात कापतो म्हणून वर जाणाऱ्यांच्या चपला सांभाळायचे. देव वर बसून माणसांची तोंडं बघतो, मी खाली बसून तळ बघतो, खरं जास्त कुणाला कळतं ते देवालाच विचारा, असं म्हणायचे. देवही कधी खाली उतरून भांडला नाही. त्यालाही कळत असणार.

गुडघे, टाचा, कंबरा घेऊन माणसं त्यांच्याकडे यायची आणि शिव्या खाऊन जायची. बरीही व्हायची, हा त्यातला वाईट भाग. बरं झालेलं माणूस आणखी दोघांना धाडतं.

आजचं गिऱ्हाईक मात्र कुणी धाडलेलं नव्हतं. सर्जेराव खोत, दौलू वस्तादांच्या तालमीचा आताचा वस्ताद. वाटेनं येताना आधी त्याची छाती दिसायची, मग मिशी, मग बाकीचा सर्जेराव. आज तो इकडेतिकडे बघत, चहाच्या टपरीला वळसा घालून आला होता. गुडघ्याला पट्टा, आणि पट्टा दिसू नये म्हणून वर धोतराचा सैल फुगा.

फुगा कशासाठी, ते सांगायला हवं.

चैत्रातल्या जत्रेला भैरोबाची काठी वर न्यायचा मान या तालमीचा. काठी म्हणजे वीस हात उंच बांबू, रंगीत कापड गुंडाळलेला, शेंड्याला तुरा. तिचं बुड कमरेच्या शेल्यात रोवायचं, चौघांनी चार बाजूंनी दोऱ्या धरायच्या, पण भार एकट्यानं पेलायचा. आणि वर चढायचं अनवाणी. दौलू वस्तादांनी तीस वर्षं चढवली. ते गेल्यावर अकरा वर्षं सर्जेरावनं.

मागच्या साली दोनशेव्या पायरीवर सर्जेरावचा उजवा गुडघा दगा देऊन गेला आणि काठी कलली. पडली नाही, पण कलली... सगळ्या डोंगरानं “हाऽऽ” केलं. तो आवाज सर्जेरावला अजून जेवताना ऐकू यायचा.

पंच म्हणाले, यंदा कलली तर मान खालच्या आळीला.

जत्रेला दीड महिना उरला होता.

“तात्या, काय तरी बोला की.”

“डावं पायताण तुझं हाय,” तात्या म्हणाले. “उजवं कुणाचं?”

“दोनी माजीच.”

“डावं बघ. सगळीकडनं सारखं झिजलंय, गरिबाच्या पोरीगत. आन् हे? आतली कड पापड झालीया, भाईरची अजून कोरी. हे पायताण घालणारा तू न्हवंस. कुणाचं चोरलंस, सांग.”

सर्जेरावनं आयुष्यात कुस्त्या सोडून काही मारलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला.

“तात्या, मी गुडघा दाखवायला आलोय. दोन डॉक्टर झालं. तेल झालं, लेप झाला, शेक झाला...”

“डॉक्टर काय म्हनला?”

“पयला म्हनला, आराम. दुसरा...” सर्जेराव घुटमळला. “दुसरा म्हनला, जरा चालून दाखवा.”

“शाना हाय. मग?”

“चालून दाखवलं. तर म्हनला, चालायची पद्धत बदला. उठून आलो म्या. आमच्या वस्तादांच्या चालीला नावं ठेवतोय काय, म्हनलं, आन् दार आपटलं.”

“दार मोडलं काय?”

“न्हाई.”

“मग गुडघ्याला उगं तरास दिलास.”

तात्यांच्या शेजारी एक दगडी कुंडी होती. जुन्या काळी त्यात कातडं भिजायचं. आताही सवयीनं ते त्यात पाणी भरून एखादा तुकडा टाकून ठेवत. पाण्याचा रंग चहासारखा, वास मात्र चहासारखा नाही. तात्यांनी बोट केलं.

“पाय बुडीव हितं. दोनी. आन् त्या फरशीवनं चाल.”

“ह्या पान्यात?”

“तुला काय गुलाबपानी आनू?”

सर्जेरावनं नाक दाबून पाय बुडवले. मग फरशीवरून चालला. पण कसा चालला! उजवा पाय पुढं टाकताना पंजा बाहेर फेकायचा, टाच आपटायची, छाती हलायची आणि खांदा किंचित झुकायचा. ही दौलू वस्तादांची चाल. गावात म्हण पडली होती, की दौलूच्या तालमीचा गडी अंधारातही चालीवरून ओळखावा. तालमीत नवीन गडी आला की आधी लंगोट शिकायचा, मग ही चाल, मग कुस्ती. काही जण कुस्तीपर्यंत पोहोचतच नसत. चालीवरच त्यांची लग्नं जमत.

फरशीवर ओली पावलं उमटली. डावी नीट, एका रेषेत. उजवी...

तात्या काठी टेकत उठले आणि एकेका पावलावर काठीचं टोक ठेवत गेले.

“डावा पाय देवाकडं निघालाय,” ते म्हणाले. “उजवा टपरीकडं. दोनी एकाच मानसाचं, आन् वाटा दोन.”

सर्जेराव बघत राहिला. जन्मात त्यानं स्वतःचं पाऊल मागून बघितलं नव्हतं. कोण बघतं?

“पंजा भाईर बघतोय,” तात्या म्हणाले, “आन् तळवा आत ढासळतोय. हे बघ, आतली बाजू सगळी वली, खळगा न्हाईच. दोन भावांचं भांडान, आन् धक्कं खातीया मधली भित. मधली भित म्हंजी तुजा गुडघा. आन् तू भितीला तेल चोळतोयस.”

“पर ही वस्तादांची चाल हाय, तात्या! तीस वर्सं काठी चढवली त्येनी ह्या चालीनं. त्येंचा गुडघा कसा न्हाई दुखला?”

तात्या एवढे हसले की खोकला आला. खोकला संपला तरी हसू संपेना. मग त्यांनी डोळे पुसले आणि चिंचेच्या खोडातल्या खुंटीकडे हात केला. खुंटीला एक फडकं बांधलेलं होतं. कितीतरी वर्षांचं.

“काढ.”

सर्जेरावनं फडकं सोडलं. आत एक जोड निघाला. जुना, काळाभोर, जाड कातड्याचा, अंगठ्यापाशी रुंद.

सर्जेरावनं तो लगेच ओळखला.

“वस्तादांचं...”

“जत्रेआदी वादी तुटली म्हनून देऊन गेला. न्ह्यायला आला न्हाई. गेलाच.”

सर्जेरावनं काय करावं? कुठल्याही चांगल्या शिष्यानं जे करावं तेच केलं. दोन्ही हातांनी जोड उचलला, डोळे मिटले आणि डोक्यावर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं. एवढा आडदांड गडी, आणि डोक्यावर चपला घेऊन चिंचेखाली मुसमुसतोय... वरून दर्शन घेऊन उतरणारं एक जोडपं घाईघाईनं आपल्या चपला शोधू लागलं.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“व्हय.”

“गुडघा थांबला?”

सर्जेरावनं डोळे उघडले.

“डोस्क्यावर घालायला शिवली न्हवती म्या ती. पायात घाल.”

“तात्या!”

“घाल.”

“वस्तादांचं पायताण म्या पायात घालू? पाप लागंल.”

“पाप मी घेतो. माझ्याकडं जागा हाय.”

सर्जेराव जोड हातात धरून उभा. एकदा त्यानं पाय उचलला आणि परत ठेवला. ज्या चपलांपुढं अकरा वर्षं रोज सकाळी कपाळ टेकलं, त्यात पाय घालायचा... कुणी बघितलं तर तालीम सोडावी लागेल. आणि नाही घातला तर काठी.

वरून कुणीतरी घंटा वाजवली. तिचा आवाज डोंगर उतरून येईपर्यंत सर्जेराव तसाच उभा होता.

मग त्यानं टपरीकडे पाठ केली आणि पाय घातले.

“चाल. तुज्या वस्तादाची चाल.”

तो चालला. पंजा बाहेर, टाच, छाती, खांदा. दहा पावलं, वीस पावलं. परत फिरला. मग थांबला आणि गुडघ्याकडे असं बघितलं, जसं भांडकुदळ शेजारी एकाएकी गोड बोलला की माणूस बघतं.

“तात्या... दुखंना.”

“न्हाईच दुखनार.”

“वस्तादांची किरपा!”

“किरपा तुज्या आज्जीची. काढ आन् तळ बघ.”

सर्जेरावनं उजवी चप्पल काढून उलटी केली. आतल्या बाजूनं, टाचेपासून खळग्यापर्यंत, कातड्याची एक जादा पट्टी बसवलेली होती. पाचरीसारखी, आत जाड, बाहेरून पातळ. शिवण एवढी बारीक की हात फिरवल्याशिवाय कळू नये.

“ही कशापायी?”

“तेचा तळवा आत ढासळू नये म्हनून. दर साली नवी बसवायचो.”

“पर वस्तादांना गरज काय?”

तात्या खाली बसले. चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली, सगळं सावकाश. सर्जेरावला वाटलं, उत्तर येतच नाही.

“अठरा वर्सांचा हुता दौलू,” शेवटी ते म्हणाले. “भरल्या गाडीचं चाक अंगठ्यावनं गेलं. उजव्या. अंगठा जोडला, पर वाकंना. अंगठा वाकंना तर पाऊल सरळ कसं पडनार? मग पंजा भाईर फिरवून चालायचा. लंगडं म्हनतील म्हनून छाती काढली, खांदा हालवला, टाच आपटली... लोक म्हनाले, काय चाल हाय!”

सर्जेराव खाली बसला. बसला म्हणजे बसवला गेला.

“चाल तुमी घेतलीसा,” तात्या म्हणाले. “पाचर माझ्याकडं ऱ्हायली.”

“आमाला कुनी कसं सांगितलं न्हाई?”

“तुमी कुनी इचारलं?”

“पर...”

“रोज पाया पडत हुतासा की! तोंड तेच्या पायापाशीच असायचं तुमचं. अंगठा दिसला न्हाई?”

सर्जेराव हळूच म्हणाला, “डोळं मिटून पाया पडायची शिस्त हुती.”

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. बहुतेक हसू दाबायला.

“पर तात्या, काठी तर अनवानी चढवायची. तवा पाचर कुठली?”

“आता बरूबर इचारलंस. चढवायचा. आन् उतारला की माज्या घरात येऊन पडायचा. आठ दिवस. गुडघा हा एवढा, कलिंगडागत. एरंडाची पानं बांधून बांधून माजं हात हिरवं व्हायचं.”

“आठ दिवस?” सर्जेरावचा आवाज बदलला. “जत्रेनंतर आठ दिवस तर वस्ताद मौन धरायचे. कुनाला भेटायचे न्हाईत.”

“मौन?” तात्या म्हणाले. “आरं, वराडायचा! शेजारी म्हनायचे, गेनूच्या घरात म्हस व्याली काय.”

सर्जेरावनं मान खाली घातली.

“का रं?”

“आमीबी धरतो,” सर्जेराव म्हणाला. “मौन. सगळी तालीम. जत्रेनंतर आठ दिवस.”

आता मात्र तात्यांना तंबाखू थुंकावी लागली.

सर्जेरावला राग आला, लाज आली, मग पुन्हा राग. पण माणूस पैलवान; पडला तरी पाठ टेकायची नाही. त्यानं मिशीवर हात फिरवला.

“बरं. मग मलाबी तसली पाचर बसवून द्या.”

“देतो. जत्रेला अनवानी चढशील, तवा कुठं बसवू? तळव्याला शिवू?”

“मग काय करू? चाल सोडू? तालमीचं नावच त्या चालीवर हाय. बावीस वर्सं मुरवलीया अंगात. सोडली तर लोक म्हनतील, सर्जा वस्तादाला इसरला. न्हाई सोडली तर काठी पडंल. सांगा की, काय करू!”

तात्यांनी मान हलवली, जणू आता खरं दुखणं सापडलं. मग पुढ्यातल्या दगडाकडे बोट केलं. चपलांना ठोके द्यायचा दगड, मधून झिजलेला.

“उजवा पाय ठेव त्येच्यावर.”

सर्जेरावनं ठेवला.

“अंगठा पुढं काढ.”

काढला. त्याला वाटलं, म्हातारा नस दाबणार.

तात्यांनी मागून हातोडी काढली. दोन्ही हातांनी वर उचलली. ऐंशीच्या घरातला हात, कापतोय... पण हातोडी वर जाताना अजिबात कापली नाही.

“वस्तादाची चाल पायजे, तर वस्तादाचा अंगठाबी पायजे. डोळं मीट. तुमची शिस्तच हाय.”

आणि हातोडी खाली आली.

सर्जेराव खोत, पंचावन्न कुस्त्यांचा धनी, उडाला. मागं उडाला, कुंडीत पडला, कुंडीतून निघाला आणि फरशीवरून सात-आठ पावलं पार पळाला, तेव्हा कुठं थांबला. हातोडी दगडावर आपटली होती. ठणकन.

“म्हाताऱ्या!” तो ओरडला. बावीस वर्षांत वडीलधाऱ्याला पहिल्यांदाच.

तात्यांनी हातोडी खाली ठेवली आणि फरशीकडे हनुवटी उडवली.

“बघ.”

सर्जेरावनं बघितलं.

दगडापासून त्याच्यापर्यंत ओली पावलं पडली होती. डावी सरळ. उजवीही सरळ. अंगठा पुढं, मध्ये खळगा सुका. सातच्या सात.

“जीव वाचवायला पळालास, तवा वस्तादाची चाल घेतली न्हाईस,” तात्या म्हणाले. “तुजी घेतलीस.”

ऊन कडक होतं. कडेपासून एकेक पाऊल वाळत गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर्जेराव हजर. पाय कुंडीत बुडवायचे आणि फरशीवरून चालायचं. चाळीस फेऱ्या. पंजा फिरला की तात्या हातोडी दाखवायचे, सर्जेराव मागं उडी मारायचा आणि पाऊल सरळ घेऊन पुन्हा निघायचा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या, जिथं कधी दुखलं नव्हतं तिथं दुखलं. तात्या म्हणाले, “बावीस वर्सं झोपल्या हुत्या, उठताना कुरकुर करनारच.” तिसऱ्या आठवड्यात पट्टा सुटला. खरी अडचण फरशीवर नव्हतीच. बाजारात चारजण बघायला लागले की पंजा आपोआप बाहेर वळायचा, छाती फुगायची, आणि गुडघ्यात सुई.

“गुडघ्याला मानसं बघवत न्हाईत तुज्या,” तात्या म्हणायचे.

जत्रा आली. ढोल, हलगी, गुलाल. सर्जेरावनं चपला तात्यांपुढं काढल्या, शेला आवळला, काठी उचलली.

तो सरळ पावलानं चढू लागला.

पन्नास पायऱ्यांपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. शंभराव्या पायरीवर कुजबुज झाली. दीडशेव्या पायरीवर तालमीचेच गडी एकमेकांकडे बघू लागले. दोनशेव्या पायरीवर खालच्या आळीचा एक जण कठड्यावर चढून ओरडला, “आरं, ह्यो लचकत न्हाई, पर चालतोय कसा? दौलू वस्तादाची चाल इसरलास व्हय रं, सर्जा?”

माणसं हसली. सर्जेरावच्या कानशिलात रक्त चढलं. उजवा पंजा शिवशिवला. एकदा, फक्त एकदाच फेकावा बाहेर, छाती काढावी, टाच आपटावी... सगळा डोंगर “वाहवा” म्हणेल.

पंजा वळायला लागला. गुडघ्यात सुई टोचली. वर काठीचा तुरा थरथरला.

आणि सर्जेरावला डोळ्यांपुढं हातोडी दिसली.

अंगठा आपसूक पुढं आला. पाऊल पायरीवर पडलं. सरळ. मग पुढचं. तुरा थांबला.

तीनशे चौदाव्या पायरीवर काठी भैरोबाच्या भिंतीला टेकली तेव्हा ती देवळाच्या खांबासारखी उभी होती. पंचांनी नारळ फोडला. मान तालमीतच राहिला. कठड्यावरचा गडी उतरायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव पेढे घेऊन चिंचेकडे निघाला. मौनाचा पहिला दिवस, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत! गडी बोलत सुटला होता. गुडघा थोडा कुरकुरत होता, पण कलिंगड नव्हता.

चिंचेजवळ आला आणि थबकला.

तालमीचे वीस-बावीस गडी रांगेत उभे होते. अंघोळी केलेल्या, कपाळाला गुलाल, चेहरे देवळात असतात तसे. पुढचा कुंडीत दोन्ही पाय बुडवायचा. मग बोट बुडवून ते पाणी डोळ्यांना लावायचा. मग दगडापुढं उभं राहून हात जोडायचा, आणि एकाएकी मागं उडी मारायचा. मग पुढचा यायचा.

एकानं तर त्या पाण्याचा घोट घेतला.

तात्या खोडाला टेकून बसले होते. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले, आणि पोट हलत होतं.

“तात्या,” सर्जेराव त्यांच्या कानाशी वाकला, “हे काय चाललंय?”

“तू दीड म्हयना करत हुतास, ते. टपरीआडनं बघितलंय तेनी.”

“आन् तुमी बघत बसलासा? म्या सांगतो आता तेंच्यास्नी. सगळं सांगतो. चाकाचं, अंगठ्याचं...”

“कुनी इचारलं?”

सर्जेरावनं रांगेकडे बघितलं. बावीस गडी, जोडलेले हात. मिटलेले डोळे.

“न्हाई,” तो म्हणाला.

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. चघळला. गिळला.

“मग तवर कुंडीतलं पानी तेवढं बदल.”